मापाचा हात

४ जानेवारी

ही वही नवऱ्याने दिली. कुठल्याशा औषध कंपनीची आहे, प्रत्येक पानाच्या तळाशी झोपेच्या गोळीची जाहिरात. म्हणाला, "दिवसभराचं काय असेल ते ह्यात लिहीत जा, म्हणजे जेवताना आमच्या वाट्याला जरा कमी येईल." म्हटलं बरं, वहीचं नशीब.

तर आजचं. बीपीची नवीन चाळीस मशीनं आली. दोन वर्षं मागे लागून, साहेबांच्या दाराशी ताटकळून आली आणि चाळीसच्या चाळीस बिघडलेली! सकाळी सर्व्हेच्या नर्सने खोकी उघडली, माझ्या हाताला पट्टा बांधला, बटण दाबलं. एकशे पासष्ट. दुसरं लावलं, एकशे सत्तर. तिसरं, पुन्हा पासष्ट. एकही मशीन एकशे साठच्या खाली उतरायला तयार नाही. नर्स म्हणाली, "मॅडम, जरा पाच मिनिटं शांत बसता का? मग परत घेऊ." मी म्हटलं, "मशीन बिघडलंय तर मी कशाला शांत बसू?"

नवऱ्याला हे सगळं पाठ आहे, वहीला नाही, म्हणून लिहिते. आमच्या विभागाचं काम म्हणजे दरवर्षी घरोघर माणसं पाठवून शहरातल्या लोकांचं बीपी मोजायचं आणि हृदयविकाराने नि बीपीने किती माणसं गेली त्याच्याशी ताडून पाहायचं. विभागप्रमुख मी. मशीनं बरोबर आहेत का ते तपासायला पूर्वी पाऱ्याचं उभं मशीन होतं. पारा विषारी म्हणून ते उचलून नेलं. नवं उपकरण येईपर्यंत काय करायचं, तर आधीच्या साहेबांनी ऑफिसातल्या सगळ्यांचं बीपी महिनाभर मोजलं. त्यात माझं सगळ्यांत स्थिर निघालं. वरचं एकशे अठरा, खालचं शहात्तर, मग उन्हाळा असो की ऑडिट. तेव्हापासून तात्पुरती सोय म्हणून प्रत्येक मशीन आधी माझ्या हाताला लावतात. फरक फार पडला की दुरुस्तीला. ऑफिसात मला "मापाचा हात" म्हणतात. नवं उपकरण अजून यायचंय, त्याला आता अकरा वर्षं झाली.

दोन कप चहा जास्त झाला आज. डोकं ठणकतंय.

७ जानेवारी

कंपनीचा दुरुस्तीवाला आला. त्याला आम्ही पाठीमागे "पक्कड" म्हणतो, कारण बोलायला लागला की माणसाला सोडत नाही. आज मात्र बोलण्यात मी त्याला पुरून उरले.

"बाई, मशीनमध्ये काही नाही," म्हणाला.

"काही नाही म्हणजे?"

"बिघाड नाही."

"मग बिघाड माझ्यात आहे का?"

खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून त्याने कान खाजवला. अशा माणसाच्या हाती शहराचं आरोग्य!

मी त्याला शांतपणे समजावलं (नर्स म्हणते शांतपणे नव्हतं). म्हटलं, अकरा वर्षं हा हात एकशे अठरा दाखवतोय. आता तुमची मशीनं त्याच हाताचं एकशे सत्तर दाखवतात. हात जुना आणि मशीनं नवी, मग खोटं कोण? त्यावर म्हणतो, "जुनी मशीनं पण गेली चार-पाच वर्षं मी तुमच्या सांगण्यावरून खालीच आणतोय, बाई. दर वेळेला थोडी थोडी." बघा, म्हणजे कबूलच केलं की त्यांच्या कंपनीचा माल वर्षागणिक बिघडतच चाललाय.

शेवटी वैतागून म्हणाला, "तुम्हाला एकशे अठराच पाहिजे ना? आत एक सेटिंग असतं. करून देतो."

"मला पाहिजे म्हणून नको, बरोबर आहे म्हणून करा."

"तसं तर तसं," म्हणाला.

१२ जानेवारी

एकोणचाळीस मशीनं सरळ झाली. एक मी मुद्दाम पक्कडच्या हाती दिलं नाही. खोक्यासकट माझ्या कपाटात ठेवलंय, पुरावा म्हणून. कंपनीवर तक्रार करायची वेळ आली की तोंडावर मारायला बरं.

पथकं बाहेर पडली. आता जरा जीव भांड्यात पडला.

२ फेब्रुवारी

चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक. सकाळी उठल्यापासून मान आणि डोक्याचा मागचा भाग धरलेला असतो. ऑफिसातली खुर्चीही तसलीच आहे, पाठ टेकली की मागे पडते. तीन अर्ज झाले खुर्चीसाठी.

नवरा म्हणाला, "अगं, एकदा डॉक्टरला दाखव ना. बीपी वगैरे बघतील."

मला हसू आवरेना. म्हटलं, "अहो, या शहरात माझ्याइतकं बीपी तपासून घेणारं दुसरं कुणी असेल तर दाखवा! मला रोज सकाळी मशीनं लावतात."

"आणि किती येतं?"

"मशीनवर अवलंबून आहे," मी म्हटलं. तो पुन्हा पेपरात घुसला.

संध्याकाळी धाकटीचा फोन. ही माझी बहीण, नदीपलीकडच्या वस्तीत आमच्याच खात्याचा बीपीचा दवाखाना चालवते. संध्याकाळी कामावरून येता येता लोक तिथे पट्टा बांधून घेतात, महिन्याच्या गोळ्या नेतात. साऱ्या वस्तीची सिस्टर आहे ती, पण माझ्याशी बोलताना अजून पाचवीतलीच. म्हणाली, "ताई, रांग दारापासून गेटापर्यंत जाते गं. नवीन पेशंट किती वाढलेत! चाळिशीतली माणसं. तुमच्या सर्व्हेत काय येतंय?" म्हटलं, अजून आकडे यायचेत. "आले की सांग," म्हणाली, "आणि तुझा आवाज असा का दमल्यासारखा?" जिने चढून आले होते, दुसरं काय.

१९ फेब्रुवारी

आकडे आले. शहराचं सरासरी बीपी याही वर्षी उतरलं, आणि नेहमीपेक्षा जास्त उतरलं. सलग पाचवं वर्ष. साहेब आलेखाकडे नातवाकडे बघावं तसे बघत होते.

पण मला झोप येणार नाही, कारण दुसरी रेघ. हृदयविकाराने आणि बीपीने होणारे मृत्यू कितीतरी वर्षं खाली येत होते. मग थबकले, आणि बीपी उतरू लागलं नेमकं तेव्हापासून ते चढू लागलेत. त्यातही चाळीस ते साठ वयात जास्त. एक रेघ वरून खाली, दुसरी खालून वर, कागदावर चक्क कात्री उघडलीय. असं होऊच शकत नाही! लोकांचं बीपी कमी होतंय तर लोक त्यानेच जास्त कसे मरतील?

साहेब म्हणाले, "मृत्यूचे दाखले डॉक्टर घाईत लिहितात हो. काही सुचलं नाही की हृदयविकार. आपला सर्व्हे आपण स्वतः मोजतो, तो पक्का."

मला ते पटलं. आमचं एक-एक मशीन मी स्वतः पारखून घेतलंय. दाखले लिहिणाऱ्यांचं तसं नाही. हे डॉक्टर लोक म्हणजे ना! आपल्या निष्काळजीपणाने माझी पाच वर्षांची रेघ बिघडवायला निघालेत.

२६ फेब्रुवारी

मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आले, भांडायच्या तयारीनेच. तिथल्या हृदयविभागाच्या डॉक्टरीणबाईंना म्हटलं, तुम्ही वाटेल त्याला हृदयविकार लिहिता. त्यांनी मला खुर्ची दिली (चांगली खुर्ची होती) आणि गेल्या महिन्यात गेलेल्यांची एक-एक केस समोर ठेवली. कार्डिओग्राम, रक्ताचे रिपोर्ट, सगळं. एक जण शाळेच्या बसचा ड्रायव्हर, एक बँकेतला रखवालदार, एक स्वतः नर्स. घाईत लिहिलेलं काही सापडलं नाही.

"यांतल्या बऱ्याच जणांना आपल्याला बीपी आहे हेच माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या. "आणि काही जण तर आम्हाला सांगतात की घरी येऊन मोजून गेले, नॉर्मल आहे म्हणाले."

"आमचीच माणसं मोजतात घरोघर," मी म्हटलं. "मग नॉर्मलच असणार."

त्या माझ्या चेहऱ्याकडे जरा रोखून बघत होत्या. "तुम्हाला बरं वाटतंय ना? चेहरा लाल दिसतोय." म्हटलं, ऊन आहे बाहेर.

इतकी चिडचिड झाली की परत येताना बसस्टॉप चुकले. एखाद्याची चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं.

५ मार्च

आज कहर झाला. साहेबांनी समितीपुढे ठेवायचा प्रस्ताव वाचून दाखवला. बीपी सातत्याने उतरत असल्याने वस्त्यांतले संध्याकाळचे दवाखाने टप्प्याटप्प्याने बंद करायचे, तिथल्या नर्सेस दुसऱ्या कामावर हलवायच्या. आधार काय, तर माझा सर्व्हे. पहिल्या टप्प्यात धाकटीचा दवाखाना.

मी म्हटलं, "साहेब, मृत्यू वाढताहेत त्याचं काय?"

"त्याचा अभ्यास चालू आहे असं लिहू," म्हणाले. या माणसाला काहीही बोला, कमळाच्या पानावरून पाणी घरंगळतं.

घरी येते तर धाकटी दारातच उभी. चप्पलसुद्धा काढली नाही.

"ताई, माझा दवाखाना तुझ्या आकड्यांवर बंद होतोय?"

"माझे आकडे नाहीत, शहराचे आहेत."

"मग तुझ्या शहरात माझी वस्ती येत नाही वाटतं! मी रोज मोजते. माझ्याकडे वाढतंय."

"तुझ्याकडे आजारी माणसंच येतात. आम्ही सगळ्यांचं मोजतो. हे तुला कितीदा समजावून सांगू?"

"मला समजावू नकोस. येऊन बघ."

मग मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, "चार भिंतींत बसून शहर कळत नसतं. तुझी खुर्ची जाणार म्हणून तू ओरडतेस." तिचा चेहरा इतकासा झाला. नवरा मध्ये पडला तर त्यालाही फटकारलं. ती गेली. चहा तसाच राहिला.

मी खरं तेच बोलले. पण तिला तसं म्हणायला नको होतं.

९ मार्च

धाकटीचा फोन नाही. मीही केला नाही. माझा आकडा चुकला असता तर माफी मागितली असती.

१४ मार्च

आमच्या शिंप्याला अर्धांगवायूचा झटका आला.

म्हणजे धाकटीच्या दवाखान्यासमोर दुकान आहे त्या शिंप्याला. आम्हा दोघी बहिणींची पोलकी तोच शिवायचा, पुढे ब्लाउजही त्याचेच. माझं माप त्याने कधी लिहून ठेवलं नाही. नुसतं बघायचा आणि म्हणायचा, "दंडाला अर्धा इंच वाढवतो." मला राग यायचा, पण ब्लाउज बरोबर बसायचा.

धाकटीने मेसेज पाठवला. चार ओळी, "ताई" नाही, काही नाही. शिंप्याची बीपीची गोळी चालू होती. जानेवारीच्या शेवटी तुमचं पथक त्याच्या घरी गेलं, एकशे सव्वीस भरलं, एकदम उत्तम म्हणाले. त्याला वाटलं बरे झालो, गोळ्या सोडल्या. उजवा हात गेला.

मी लगेच उत्तर लिहिलं की आमच्या लोकांनी गोळ्या बंद करा असं सांगितलेलं नाही, तसं सांगायची त्यांना परवानगीच नाही. पाठवलं आणि मग वाटलं, नसतं पाठवलं तर बरं.

कात्री धरायचा हात होता तो.

२० मार्च

पक्कड आला होता, काही जुनी मशीनं घेऊन. माझ्या हाताला लावून सेटिंग खाली करत होता. एकाएकी थांबला, म्हणाला, "बाई, राग मानू नका. एकदा दुसऱ्या कुणाचा हात घेऊन बघूया का?"

"अकरा वर्षांत या हाताबद्दल कुणी शंका घेतली नाही."

"शंका नाही हो. पण माणूस आहे. मशीन थोडंच आहे?"

अपमानच वाटला मला. त्याला म्हटलं, तुमच्या मालातला दोष झाकायला माझा हात पुढे करू नका. नर्स खाली मान घालून पट्ट्याची गुंडाळी करत बसली. या दोघांचं हल्ली काहीतरी चालतं माझ्या मागे.

दुपारी नाकातून रक्त आलं. थोडंसंच. एसीने हवा फार कोरडी होते.

२३ मार्च

आज एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून कपाटातलं ते पुराव्याचं मशीन घरी आणलं. पक्कडचा हात न लागलेलं. म्हटलं, घरच्यांवर लावते, सगळ्यांचं अवाच्या सवा वर दाखवेल, मग उद्या त्या पक्कडला आणि धाकटीला दोघांनाही ऐकवते.

आधी नवऱ्याला बांधलं. एकशे अठ्ठावीस-ब्याऐंशी. गेल्याच आठवड्यात त्याच्या डॉक्टरकडे अठ्ठावीसच होतं म्हणे. योगायोग असेल. सासूबाईंना बांधलं. त्यांची गोळी चालू आहे, त्यांचं एकशे चाळीसच्या आसपास असतं. आलं एकशे बेचाळीस. शेजारच्या सुनेला हाक मारली. सहावा महिना आहे, दर पंधरा दिवसांनी तपासणी होते तिची. एकशे दहा-सत्तर. म्हणाली, "काकू, अगदी हेच होतं परवा."

मग मी बांधून घेतलं. एकशे शहाऐंशी, खालचं एकशे चौदा. डाव्या हाताला लावलं, एकशे चौऱ्याऐंशी.

कमाल आहे! बाकी सगळ्यांना बरोबर दाखवतं आणि मला बांधलं की बिघडतं. इतकी वर्षं मशीनं बघतेय, पण माणूस बघून चुकणारं मशीन पहिल्यांदाच पाहिलं. नवऱ्याला म्हटलं तर तो हसला नाही. मशीन उचलून माझ्यापासून लांब ठेवलं आणि म्हणाला, "आज भाजीत वरून मीठ घेऊ नकोस." यात मिठाचा काय संबंध?

२४ मार्च

अंघोळ करताना कळलं.

मशीन चुकत नाही. एकही चुकत नव्हतं.

२४ मार्च, दुपार

ऑफिसला गेले नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

नीट लिहून बघते, कारण डोक्यात नीट राहत नाहीये. माझं बीपी गेली पाच वर्षं हळूहळू चढत होतं. माझ्या हाताला मशीन जास्त दाखवायचं. मी ते बिघडलंय म्हणून पक्कडला द्यायची, तो खाली आणायचा. पुढच्या वर्षी माझं आणखी चढलं, त्याने आणखी खाली आणलं. त्या मशीनांनी आम्ही शहर मोजलं. माझं जेवढं चढत गेलं तेवढं शहराचं उतरत गेलं. ती खाली जाणारी सुंदर रेघ, जी बघून साहेब खूश होते, ती शहराची नाहीच. ती मीच आहे, उलटी धरलेली.

आणि मरणारे खरे होते. बसचा ड्रायव्हर खरा, रखवालदार खरा. धाकटीची रांग खरी.

शिंप्याचं एकशे सव्वीस भरलं होतं. म्हणजे खरं एकशे सत्तर-पंच्याहत्तर असणार. गोळी चालू असताना! त्याला गोळी वाढवायला हवी होती आणि आम्ही त्याच्या घरी जाऊन त्याला उत्तम म्हणून आलो.

मी रडले. आधी लाजेने, मग भीतीने. एकशे शहाऐंशी म्हणजे काय ते मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही.

२५ मार्च

साहेबांना सांगितलं. सगळं, सुरुवातीपासून. ते ऐकत होते, मान हलवत होते. मग पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

"तुम्ही आधी तब्येतीकडे बघा," म्हणाले. "महिनाभर रजा घ्या. अहवाल छपाईला गेलाय, दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या अहवालात टाकू. तळटीप."

"साहेब, दवाखाने पुढच्या आठवड्यात बंद होताहेत."

"समितीला एवढे बारकावे कळत नाहीत हो. आणि आता हे बाहेर काढलं तर पाच वर्षांचं काम पाण्यात जाईल. तुमचंच."

"गेलंय ते," मी म्हटलं. "आता माणसं घालवायची का?"

ते हसले. त्यांचं ते गुळगुळीत हसू! टेबलावरचा ग्लास उचलून फेकावासा वाटला. फेकला नाही, कारण माझ्या रागाची किंमत आता मला माहीत आहे.

बाहेर येऊन पक्कडला फोन केला. म्हटलं, "तुम्हाला कळत होतं ना?" म्हणाला, "शंका होती, बाई. पण तुम्ही दर वेळेला एवढं बोलायचात. म्हटलं, कशाला रोजची कटकट? मागतील ते करून द्यावं." त्याच्यावर चिडायचं म्हटलं तर कुठल्या तोंडाने चिडू?

"समितीच्या दिवशी येणार का?" विचारलं.

"मला पण बोलणी बसतील."

"बसतील. माझ्या शेजारी बसा, निम्मी मी खाईन."

२ एप्रिल

समिती झाली. साहेबांनी मला बोलावलं नव्हतं. मी गेले.

पक्कडने खात्रीचा दाबमापक आणला होता. पथकाचं एक-एक मशीन नळीने त्याला जोडून दाखवलं. प्रत्येक मशीन कमी दाखवत होतं, आणि थोडंथोडकं नाही. एक सदस्य म्हणाले, "ह्यातलं आम्हाला काय कळणार?" तेव्हा मी कपाटातलं मशीन काढलं, बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. नर्सने पट्टा बांधला. एकशे ऐंशी. मग पथकाचं मशीन बांधलं. एकशे एकोणतीस.

"या दुसऱ्या आकड्यावर तुम्ही दवाखाने बंद करताय," मी म्हटलं. "यानुसार मी ठणठणीत आहे."

साहेब छताकडे बघत होते.

निकाल काही मनासारखा लागला नाही. दवाखाने बंद करायचा प्रस्ताव रद्द नाही, फेरमोजणी होईपर्यंत पुढे ढकललाय. ज्यांची मोजणी झाली त्या सगळ्यांच्या घरी पुन्हा माणसं पाठवायची, हे मात्र मान्य झालं. माझी चौकशी होणार. विभाग सध्या साहेबांकडे. पक्कडच्या कंपनीलाही नोटीस. तो म्हणाला, "निम्मी खाईन म्हणाला होतात," आणि कँटीनमध्ये माझ्याच समोर दोन सामोसे संपवले. मला खारट बंद, मी त्याच्याकडे बघत बसले.

पाच वर्षांची रेघ मीच आज मोडून आले. मला ती फार आवडायची.

५ एप्रिल

आज धाकटीच्या दवाखान्यात गेले. फोन न करता. ओळख सांगून पुढे घुसता आलं असतं, पण रांगेत उभी राहिले. रांग खरंच गेटापर्यंत होती. समोर शिंप्याचं दुकान बंद. बायकोने दाराला पाटी लावलीय, शिवायला दिलेले कपडे घरून घेऊन जावेत म्हणून. त्यांच्या घरी मी काल गेले होते. त्याने मला ओळखलं, डावा हात वर केला. मी सांगायला गेले होते ते सगळं सांगितलं. त्याला बोलता येत नाही नीट. निघताना बायकोने माझा एक ब्लाउज पिशवीत घालून दिला. बाह्या लावायच्या राहिल्यात.

माझा नंबर आला. धाकटी मान खाली घालून लिहीत होती.

"नाव?" तिने विचारलं. मग वर बघितलं. चेहरा तसाच ठेवला. "बसा. पूर्वी कधी बीपी तपासलंय का?"

"रोज," मी म्हटलं.

मागच्या बाकावरचं कुणीतरी हसलं. ती हसली नाही. "हात द्या," म्हणाली.

तिने पट्टा बांधला, बटण दाबलं. पट्टा फुगला, सुटला. आकडा आला, तिने वाचला. पुन्हा बांधला. पुन्हा वाचला. मला आकडा विचारायचा होता, मशीन कुठलं आहे ते विचारायचं होतं, पट्टा दोन बोटं वर हवा हे सांगायचं होतं. आणि माफी मागायची होती. एवढं सगळं एकदम बोलायला तोंड उघडलं.

तिने माझ्या दंडावर हात ठेवला.

"ताई," म्हणाली, "एक अक्षर बोलू नकोस. पाच मिनिटं गप्प बस, मग मी परत मोजणार आहे."

मागे रांग खोळंबली होती, पण कुणी कुरकूर केली नाही. मी गप्प बसले.